ऐंशी वर्षं, तीन कडवी

(निवेदन)

बॅलड म्हणजे गोष्ट सांगणारं लोकगीत. त्यातली माणसं सहसा म्हातारी होत नाहीत. त्याआधीच कुणी विषानं मरतं, कुणी बुडून, कुणी सख्ख्या भावाच्या हातून. फ्रान्सिस जेम्स चाइल्ड या अमेरिकी प्राध्यापकानं इंग्लंड-स्कॉटलंडची ३०५ बॅलड संकलित केली. १८८२ ते १८९८ या काळात ती छापली गेली. त्यांत अकाली मरणांची रांगच लागलेली आहे.

मरण एका कडव्यात मावतं. पण एखादी बाई हळूहळू शहाणी होत गेली, हे गायचं कसं? तिथं सांगण्यासारखं घडतच काही नाही!

तरी बॅलडकडे त्याची युक्ती आहे. ‘लॉर्ड रँडल’ घ्या. आई विचारत राहते आणि मुलगा दर कडव्याला तेच म्हणतो: अंथरूण घाल, शिकारीनं थकलोय. शेवटी त्याला विष दिल्याचा उलगडा होतो आणि थकवा जाऊन तिथं काळजातलं दुखणं येतं. अंथरूण तेच. जरासा फरक, पण ऐकणारा हादरतो.

हीच युक्ती मरणाऐवजी जगण्याला लावली तर? आम्ही तीन कडवी रचून पाहिली.

(गायन, वाद्यांशिवाय)

विशीत कोणी वाट विचारी, उभा राहुनी दारी,
“सरळच जा रे, सोपा रस्ता,” हसुनी म्हणे कुमारी.

चाळिशीत कुणि वाट विचारी, उभा राहुनी दारी,
“ठाउक नाही मलाच बाबा,” म्हणते ती संसारी.

ऐंशीला कुणि वाट विचारी, उभा राहुनी दारी,
“थांब जरासा, मीही येते,” निघे सवे म्हातारी.

(निवेदन)

दुसऱ्या आणि तिसऱ्या कडव्यात चाळीस वर्षांची उडी आहे. मधे काय झालं? बॅलड सांगत नाही, आणि सांगूही नये. ती जागा ऐकणारा आपल्या वयानुसार भरतो.

गाणीही अशीच वाढतात. सॅम्युअल पेपीस या इंग्रज रोजनिशीकारानं २ जानेवारी १६६६च्या रोजनिशीत ‘बार्बरा ॲलन’ या बॅलडचा उल्लेख केला. अडीचशे वर्षांनी, १९१६ ते १९१८ दरम्यान, सेसिल शार्प या इंग्रज लोकगीत-संग्राहकाला अमेरिकेतल्या ॲपलाचियन डोंगरांत तेच गाणं पुन्हा भेटलं. गाणाऱ्यागणिक शब्द वेगळे, चाल वेगळी.

आता आपली तीन कडवी तीन वयांच्या गायिका गातील. तिसऱ्या कडव्याआधी कोण किती थांबतं, तेवढं ऐका.