टिक-टिक करणारी डबी

(अंधारी खोली. माशांच्या टाकीवरचा दिवा उघडमीट करतोय.)

संध्याकाळचे सात. टायमरनं आपलं काम केलं, पण दिवा लागत नाहीये. म्हणजे लागतो, विझतो, पुन्हा लागतो. सेकंदाला एकदा. कान जवळ नेला तर अडॅप्टरच्या काळ्या डबीतून बारीक आवाज येतोय : टिक… टिक… टिक.

खाली निऑन टेट्रांचा थवा कोपऱ्यात गोळा झालाय. त्यांची निळी पट्टी फिकी दिसतेय. घाबरायचं कारण नाही. अंधारात ती अशीच मंदावते. मासे दोन-चार दिवस दिव्याशिवाय मजेत राहतात, पाणवनस्पतीही तग धरतात. फिल्टर आणि हवेचा पंप चालू आहेत ना, एवढं पाहायचं. आणि या लुकलुकणाऱ्या दिव्याचा प्लग आधी काढायचा. घाई माशांना नसते, आपल्याला असते.

आता ती टिक-टिक. पूर्ण मेलेला सप्लाय गप्प बसतो. हा गप्प नाही. आतली कंट्रोलर आयसी, म्हणजे सप्लाय चालवणारी चिप, उठून उभी राहते, काहीतरी तिला खाली ओढतं, ती पडते, पुन्हा उठते. म्हणजे आत बराचसा जीव शाबूत आहे. प्रश्न एवढाच, की तिला ओढतंय कोण : दिवा, की सप्लायच?

(मल्टिमीटरचा क्लोजअप.)

दिव्याची पिन काढली. अडॅप्टर एकटाच मीटरला लावला. डीसी, २४.१ व्होल्ट, अगदी स्थिर. इथंच बरेच जण फसतात. ‘सप्लाय चांगला आहे, दिवा गेला’ म्हणून नवा दिवा आणतात. रिकाम्या हातानं कुणीही ताठ चालतो, ओझं दिलं की कळतं. म्हणून बारा व्होल्टचे, पाच वॉटचे दोन गाडीचे बल्ब सिरीजमध्ये जोडून त्याच्यावर टाकले. जेमतेम दहा वॉटचा लोड. डबीवर तर अडीच अँपिअर, म्हणजे साठ वॉट लिहिलेत. तरी आकडा नऊवर घसरला, चौदावर उडी मारली, पुन्हा घसरला. टिक-टिक सुरू. दिवा दुसऱ्या २४ व्होल्टच्या सप्लायवर लावला तर लख्ख पेटला. दोषी डबीच.

एक सांगून ठेवतो. काही दिव्यांना ठरावीक व्होल्टेज लागत नाही, ठरावीक करंट देणारा ड्रायव्हर लागतो. त्याच्या लेबलवर व्होल्टेजची एक रेंज आणि मिलिअँपिअरचा एकच आकडा असतो. तसला ड्रायव्हर रिकामा मोजून काही निदान होत नाही.

(डबी उघडताना.)

या डबीला स्क्रू नाहीत. कारखान्यात जोड वितळवून बंद केलाय. जोडावर बोथट पातं धरून हातोडीनं हलके ठोके द्यायचे, चारी बाजूंनी, धीरानं.

उघडली. हात घालायचा नाही. २३० व्होल्टचा एसी आत आला की डीसी होऊन मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट साठतात. प्लग काढला तरी ते तिथंच असू शकतात. चालत्या सप्लायमध्ये तो साठा पटकन संपतो. बिघडलेल्यात मात्र जास्त वेळ राहतो, कारण तो खर्च करणारंच कुणी उरलेलं नसतं. मीटर लावला : २८६. टोकांवर स्क्रू-ड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडायची सवय अनेकांना आहे, मला ती पटत नाही. दहा किलोओहमचा, पाच वॉटचा रेझिस्टर, इन्सुलेटेड क्लिपांनी, दहा सेकंद. पुन्हा मीटर. दीड व्होल्ट. आता बोलू.

पहिली नजर फ्यूजवर. तो शाबूत आहे. काच आतून काळीठिक्कर झालेली असती, तर पुढं ब्रिज (एसीचा डीसी करणारा भाग) किंवा मॉसफेट (वेगानं चालू-बंद होणारा स्विच) शॉर्ट असणार हे धरूनच चालायचं. तिथं नुसता फ्यूज बदलून प्लग लावणं म्हणजे दुसरा फ्यूज जाळणं. तशा वेळी जुनी युक्ती : सिरीज बल्ब. मेनच्या वाटेत साठ वॉटचा तारेचा बल्ब. तो क्षणभर चमकून मंदावला तर ठीक. लख्ख पेटून राहिला तर आत अजून शॉर्ट आहे.

(कपॅसिटरचा अगदी जवळून शॉट.)

आणि हे बघा. आउटपुटच्या बाजूला दोन कपॅसिटर, १००० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्ट. एकाचं डोकं सपाट. दुसऱ्याचं पुरीसारखं फुगलंय. डोक्यावरची ती फुलीची खाच असते ना, ती मुद्दाम कमजोर ठेवलेली जागा : आत वायू साठला तर तिथून फुटावं म्हणून. आतलं द्रव सुकलं की कपॅसिटरचा अंतर्गत रोध, ज्याला ईएसआर म्हणतात, तो वाढतो. मग लोड आला की व्होल्टेज डगमगतं.

दोन्ही बदलले. एकाच वयाचे, एकाच उकाड्यातले. एक गेला तर दुसरा फार मागं नसतो. मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढेच किंवा जास्त, १०५ अंश तापमान सोसणारे, कमी ईएसआरवाले. पांढरी पट्टी निगेटिव्हला. जुना सोल्डर पंपानं ओढून घेतला, नवे पाय बसवले. बल्ब जोडले : २४.० व्होल्ट, ढिम्म हलला नाही. मी खूश.

दुसऱ्या दिवशी दिव्याच्या वेळी पुन्हा टिक-टिक. तीन मिनिटं. मग आपोआप दिवा लागला आणि रात्रभर झकास चालला.

ही तीन मिनिटं महत्त्वाची. थंड असताना अडतो, गरम झाल्यावर चालतो : सुकत आलेल्या कपॅसिटरची ही खास खोड. ऊब मिळाली की त्याचा ईएसआर उतरतो, आणि तो तात्पुरता माणसात येतो. प्लग काढून हेअर ड्रायरनं बोर्डाचा एकेक कोपरा कोमट केला, दर वेळी प्लग लावून पाहिलं. कंट्रोलर आयसीशेजारचा कोपरा तापवला आणि सप्लाय पहिल्या फटक्यात उठला.

तिथं एक २२ मायक्रोफॅरडचा चिमुकला कपॅसिटर आहे. आयसीला स्वतःचं जेवण पुरवणारा. ना फुगलेला, ना गळलेला. पण एका तापणाऱ्या रेझिस्टरला खेटून बसवलेला. काढून मोजला तर चार मायक्रोफॅरड भरला. फुगलेला कपॅसिटर सगळ्यांना दिसतो. हा न फुगता मेलेला होता.

(बोर्ड उलटा. मधली रिकामी फट.)

डबी मिटण्याआधी ही फट बघायची. एका बाजूला मेन, दुसऱ्या बाजूला २४ व्होल्ट, मध्ये काही मिलिमीटरचं मोकळं अंतर. त्यावरून पलीकडे जातात ते फक्त ट्रान्सफॉर्मर, उजेडानं सिग्नल पोचवणारा ऑप्टोकपलर आणि हा निळा, वाय-क्लासचा, म्हणजे बिघडला तरी शॉर्ट होऊ नये असा बनवलेला कपॅसिटर. पाण्यात हात घालणाऱ्याचा जीव या फटीवर टांगलेला असतो. निळ्या कपॅसिटरच्या जागी हाताला लागेल तो कपॅसिटर कधीच लावू नये. फटीत पांढरी साय, क्षार किंवा काळा डाग दिसला तर मी दुरुस्ती थांबवतो आणि बोर्ड टाकून देतो. खाऱ्या पाण्याच्या टाकीवर हे वरचेवर घडतं, मीठ वायरीवरून चढत डबीत शिरतं. माझी फट कोरडी निघाली.

आणि मेनवर मीटर कधी लावलाच नसेल, तर हे सगळं बघा आणि नवा अडॅप्टर घ्या. व्होल्ट तंतोतंत तेवढेच, अँपिअर तेवढे किंवा जास्त, पिनची पोलॅरिटी, म्हणजे प्लस-मायनसची बाजू, तीच.

हा अडॅप्टर मेला कशानं? दोन वर्षं तो टाकीच्या झाकणावर पडून होता. दिव्याची धग खालून, पाण्याची वाफ बाजूनं. अशा कपॅसिटरचं आयुष्य १०५ अंशांना २००० तास धरलं, तर साधारण दर दहा अंश उतरले की ते दुप्पट होतं. ८५ अंशांना ८००० तास. रोज आठ तास दिवा, म्हणजे तीन वर्षंही नाहीत. ७५ अंशांना १६,००० तास, साडेपाच वर्षं. तोच भाग, जागा दुसरी.

म्हणून डबी आता टाकीपासून बाजूला, भिंतीवर, पाण्याच्या पातळीच्या वर, हवेशीर. उघडलेला जोड पहिल्यासारखा बंद होत नाही. इपॉक्सी भरलंय, पण ओल्या झाकणावर ती पुन्हा जाणार नाही. वायरीला सॉकेटच्या खालपर्यंत झोळ दिलाय, ओघळणारा थेंब तिथंच गळून पडावा म्हणून. आणि टाकीचा सगळा स्विचबोर्ड ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचवर. तो आधीच असायला हवा होता, हे कबूल.

(संध्याकाळ.)

सातला पाच कमी. आधी खोलीतला दिवा लावतो. गडद अंधारातून एकदम उजेड आला की टेट्रा दचकून काचेवर आदळतात. टायमर खटकन वाजतो. टाकी उजळते. थवा कोपऱ्यातून बाहेर येतो, निळी पट्टी चढायला थोडा वेळ घेते. डबीला हात लावून पाहतो. कोमट आहे.