अकरा सेकंद गप्प

(दृश्य: टेबलावर ठेवलेला मोबाइल, वरून लावलेला कॅमेरा. फक्त दोन हात दिसतात.)

हे हात शेजारच्या काकूंचे आहेत. समोर एका वाचनालयाचं ॲप. ॲप म्हणायचं एवढंच. आहेत त्या फिग्मात, म्हणजे स्क्रीन आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये, एकमेकींना जोडलेल्या चौदा स्क्रीन. मागे कोडची एक ओळही नाही. काकूंना सांगितलंय, एखादं पुस्तक तुमच्या नावावर राखून ठेवा.

काकू पुस्तकाच्या मुखपृष्ठावर बोट टेकवतात. काही होत नाही. पुन्हा टेकवतात, जरा दाबून. जोरात दाबलं की यंत्र ऐकतं, असा आपल्या सगळ्यांचाच समज. मग बोट तसंच हवेत थांबतं.

(दृश्य: कॅमेरा वर सरकतो. काकूंच्या बाजूला बसलेली मुलगी, ओठ घट्ट मिटलेले.)

तीन आठवड्यांनी हिची मुलाखत आहे. यूआय-यूएक्स डिझाइनची, म्हणजे ॲप कसं दिसावं आणि वापरताना कसं वाटावं हे ठरवण्याच्या कामाची इंटर्नशिप, आयुष्यातली पहिली. 'राखून ठेवा' हे बटण हिनेच काढलंय आणि ते याच स्क्रीनवर आहे, फक्त खाली, स्क्रीन सरकवल्याशिवाय न दिसणारं. "काकू, खाली बघा ना," एवढं म्हटलं की काम होईल. ती म्हणत नाही. चित्रीकरणात आम्ही नंतर मोजलं, अकरा सेकंद ती गप्प आहे.

शेवटी काकूच म्हणतात, "मलाच जमत नाही गं मेलं हे. तूच दाखव."

मला विचाराल तर तिची तयारी इथे सुरू झाली. त्याआधीचे दोन महिने ती तयारीच करत होती, हे खरं आहे. शिकवण्यांचे व्हिडिओ पाहून झाले होते, रंगांच्या छटा जमल्या होत्या, आणि पोर्टफोलिओत, म्हणजे दाखवायच्या कामांच्या संग्रहात, तीन नामांकित ॲपांची 'नवी रूपं' होती. दिसायला देखणी. पण त्या ॲपांमध्ये ते बटण तिथेच का आहे, कोणत्या अडचणीमुळे तसं ठेवावं लागलं, हे बाहेरच्याला कळत नाही. दुसऱ्याच्या घराचं सामान खिडकीतून बघून हलवण्यासारखं आहे ते. माझ्या पहिल्या पोर्टफोलिओतही असंच एक होतं. आज ते उघडायची हिंमत होत नाही.

(दृश्य: जुन्या स्क्रीन एकामागून एक. मग रिकामी वही.)

काकूंचं वाक्य वहीत जसंच्या तसं उतरवलंय. 'मलाच जमत नाही.' चूक स्क्रीनची, दोष माणूस स्वतःला देतो. डिझाइनचे अभ्यासक डॉन नॉर्मन १९९३ मध्ये ॲपल कंपनीत गेले तेव्हा त्यांनी पदनामातच 'यूजर एक्स्पीरियन्स' हे शब्द घेतले, कारण 'इंटरफेस' हा शब्द त्यांना तोकडा वाटत होता. काकूंना दिसते ती स्क्रीन, तिथलं बटण, अक्षर, रंग, हे यूआय, म्हणजे यूजर इंटरफेस. पुस्तक राखलं गेलं की नाही हे त्यांना कळलं का, निरोप आला का, वाचनालयात गेल्यावर ते खरंच बाजूला काढून ठेवलेलं होतं का, हे सगळं धरून यूएक्स, म्हणजे यूजर एक्स्पीरियन्स. मुलाखतीत हा फरक हमखास विचारतात. व्याख्या पाठ करण्यापेक्षा काकूंची गोष्ट सांगितलेली बरी.

पुढच्या चार दिवसांत ती आणखी चौघांना बसवते. एकूण पाच. हा आकडा हवेतून आलेला नाही. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन आणि टॉमस लँडॉवर यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार एक माणूस सरासरी ३१ टक्के अडचणी उघड करतो असं धरलं, तर पाच जणांत सुमारे ८५ टक्के अडचणी हाती लागतात. पण हा हिशेब अर्धवट सांगितला जातो. पाच जणांवर थांबायचं नसतं. सापडलेलं दुरुस्त करायचं आणि नवे पाच जण बसवायचे. तिने दुसरी फेरी घेतली तेव्हा तीनच जण मिळाले. तिने तीनच लिहिले. हे मला आवडलं.

(दृश्य: जुन्या संगणकाचं रेखाचित्र. संवादचौकट, त्यात एक बटण.)

समोर माणूस बसवल्याशिवाय काय दिसत नाही, याचा एक जुना किस्सा. ॲपलचा लिसा हा संगणक १९८३ मध्ये बाजारात आला. तो घडत असताना ॲपलमधले लॅरी टेस्लर लोकांना समोर बसवून चाचण्या घेत. एका चौकटीतल्या बटणावर इंग्रजीत लिहिलं होतं 'डू इट'. एक जण तिथे अडला आणि वैतागला. त्या टाइपात मोठा आय आणि छोटा एल सारखेच दिसत होते, दोन शब्दांमधली फटही बारीक; त्याने वाचलं 'डोल्ट'. म्हणजे मठ्ठ. यंत्र आपल्याला मठ्ठ म्हणतंय! त्या बटणावर मग 'ओके' आलं. बनवणाऱ्यांनी ते बटण कितीदा पाहिलं असेल, पण त्यांना तिथे काय लिहिलंय हे आधीच माहीत होतं.

(दृश्य: लॅपटॉपची स्क्रीन. माऊसचा बाण लेयरच्या, म्हणजे स्क्रीनवरच्या एकेका भागाच्या, यादीवरून खाली जातो.)

आता दुरुस्ती. बटण वर घेतलं की झालं, असं तिला वाटलं होतं. पण पाचपैकी चौघांनी आधी मुखपृष्ठच दाबलं होतं. म्हणजे लोकांच्या लेखी मुखपृष्ठ हेच बटण. मग तेही दाबता येईल असं केलं, आणि 'राखून ठेवा' स्क्रीनच्या तळाशी चिकटवून टाकलं, यादी कितीही सरकवली तरी जागचं न हलणारं.

आकारही बदलला. बोटाला नेम धरायला जागा लागते. ॲपलची मार्गदर्शक तत्त्वं किमान ४४ गुणिले ४४ पॉइंट सांगतात, गूगलच्या मटेरियल डिझाइनमध्ये ४८. तिचं बटण २८ उंचीचं होतं. लॅपटॉपवर मोठं करून बघत काढलं की असं होतं.

आणि तो राखाडी रंग. पुस्तकाची माहिती फिकट राखाडीत होती, ९९९९९९ या क्रमांकाची, पांढऱ्यावर. दिसायला नाजूक. कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक, मोजला तर २.८५ भरला. वेबच्या सुलभतेचे जे निकष जगभर मानले जातात, त्यांच्या मधल्या पातळीला साध्या आकाराच्या मजकुरासाठी किमान ४.५ लागतो. ७६७६७६ घेतला की जेमतेम पार. तिने आणखी गडद घेतला. काकू वाचायला चष्मा लावतात आणि चाचणीच्या वेळी तो कपाळावर होता, हे चित्रीकरणात दिसतं.

(दृश्य: पडद्यावर एका कोपऱ्यात लेयरचं नाव: 'फ्रेम ४२७'.)

इथे एक डेव्हलपर मित्र फाइल बघायला बसला आणि हसायलाच लागला. "फ्रेम ४२७, फ्रेम ४२७ कॉपी, फ्रेम ४२७ कॉपी २. यातली खरी कुठली?" तिलाही सांगता येईना. त्याने पुस्तकाचं नाव बदलून लांबलचक केलं; बटण फुटलं, मजकूर बाहेर. मग भाषा बदलून पाहिली. इंग्रजीत नीट बसणाऱ्या ओळीत देवनागरी टाकली की वरची वेलांटी कापली जाते, खालचा उकार पुढच्या ओळीवर चढतो. तो दिवस ऑटो लेआउट (मजकुराप्रमाणे चौकट आपोआप लहानमोठी होण्याची सोय), ओळीची उंची आणि नावं देण्यात गेला. रात्री तिने आणखी चार स्क्रीन काढल्या, ज्यांची पोर्टफोलिओत कुणी तारीफ करत नाही: यादी रिकामी असताना काय दिसेल, माहिती येत असताना काय, नेट गेल्यावर काय, आणि पुस्तक आधीच दुसऱ्याने राखलेलं असेल तर काय. कामावर गेल्यावर याच स्क्रीनशी गाठ असते.

साधनांची काळजी मात्र मुलं फार करतात. कुठलं सॉफ्टवेअर, कुठलं प्लगिन. सुझन केअर यांनी पहिल्या मॅकिंटॉशसाठी चिन्हं काढायला सुरुवात केली ती चौकडीच्या वहीत, ३२ गुणिले ३२ घरं रंगवून. फिग्मा यायलाच हवं, त्यात वाद नाही. ते महिनाभरात येतं.

(दृश्य: दोन खुर्च्या. समोर तिची मावसबहीण, स्वतः या क्षेत्रात काम करणारी.)

मुलाखतीची तालीम. ताई एकच प्रश्न विचारते आणि तोच पुन्हा पुन्हा विचारते.

"हे असं का?"

"म्हणजे?"

"मेनूत सातच पर्याय का?"

"मिलरचा नियम आहे ना ताई. सात, एखाद-दोन इकडे-तिकडे."

"अगं, तो १९५६ चा लेख लक्षात ठेवण्याबद्दल आहे. मेनू पाठ करायचा असतो का? तो तर डोळ्यांसमोरच असतो."

ती खोडते. नियमाचं नाव पुढे करून सुटता येत नाही, हे त्या दिवशी बरंच झोंबलं तिला. संध्याकाळी तिने पोर्टफोलिओतला प्रत्येक नियम काढून बघितला, त्याच्या जागी स्वतःचं कारण लिहिता येतं का ते. तीन ठिकाणी आलं नाही. ती तीन ठिकाणं तिने डिझाइनमधूनच बदलली.

नामांकित ॲपांची नवी रूपं गेली. वाचनालयाचा एकच प्रकल्प उरला, आणि त्याची केस स्टडी, म्हणजे काम कसं घडलं याची गोष्ट, सुरू होते ती बिघडलेल्या पहिल्या स्क्रीनपासून, खाली काकूंच्या वाक्यासह. काकूंना विचारूनच, नाव न घालता. ताईचं म्हणणं होतं की एक प्रकल्प कमी पडेल. माझं मत वेगळं आहे, पण मुलाखत घेणारे सगळे सारखे नसतात, हेही खरं. तिने दुसरा एक छोटा जोडला, दोन स्क्रीनचा.

घरी करायला दिलेल्या कामाबद्दल एवढंच सांगतो: किती तास अपेक्षित आहेत हे आधी विचारावं, आणि तेवढ्या तासांत जे झालं तेच द्यावं. काय राहिलं, तेही लिहून. कंपनीचं खरं काम फुकटात करून मागत असतील तर नाही म्हणायला हरकत नाही. विद्यादानाच्या नावाखाली विनामानधन इंटर्नशिप देणाऱ्यांबद्दल मी इथे बोलत नाही, फिल्म लांबेल.

(दृश्य: मुलाखतीच्या खोलीचं बंद दार. मग थेट कामाची जागा, सकाळ.)

मुलाखतीत कॅमेरा नव्हता. तिला विचारलं तर म्हणाली, फळ्यावर लिफ्टची बटणं काढायला सांगितली. तिने मार्कर घेतला आणि आधी विचारलं, लिफ्टमध्ये कोण कोण चढतं? त्यावरच पंधरा मिनिटं गेली, बटणं राहूनच गेली. ती निवडली गेली.

पहिला दिवस. कुणी नवं ॲप हातात दिलेलं नाही. कंपनीच्या कंपोनंटची, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरायच्या तयार बटणा-चौकटींची, लायब्ररी बघायला सांगितलीय, चारशेच्या वर तुकडे. दुपारी पहिलं काम येतं: त्रुटीचा एक संदेश आहे, 'काहीतरी चुकलं', तो जरा नीट लिहून दे. काम अर्ध्या तासाचं.

(दृश्य: तिचा चेहरा. मग शेजारच्या टेबलावरचे वरिष्ठ डिझायनर.)

ती दोनदा लिहिते, दोनदा पुसते. मग खुर्ची थोडी मागे घेते.

"सर, हा संदेश लोकांना नेमका कधी दिसतो?"

"सर्व्हर बंद असला की."

"फक्त तेव्हाच?"

ते तिच्याकडे बघतात, मग स्वतःच्या स्क्रीनकडे. काहीतरी शोधायला लागतात. ती वाट बघत बसते, काही न बोलता.