माजी राष्ट्राध्यक्ष, प्लिमथचे खासदार

श्रोतेहो, नमस्कार.

जॉन क्विन्सी ॲडम्स हे अमेरिकेचे सहावे राष्ट्राध्यक्ष. पण त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात फिकी वर्षं कुठली असतील, तर ती राष्ट्राध्यक्षपदाचीच, असं मला वाटतं.

दुसरे राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स हे त्यांचे वडील. मुलगा चौदाव्या वर्षी अमेरिकी दूताचा सचिव आणि फ्रेंच दुभाषी म्हणून थेट सेंट पीटर्सबर्गला गेला. पुढे हॉलंड, प्रशिया, रशिया, ब्रिटन इथे त्यांनी वकिलाती सांभाळल्या. परराष्ट्रमंत्री असताना, १८१९ मध्ये, स्पेनशी करार करून फ्लोरिडा मिळवली. १८२४च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत अँड्र्यू जॅक्सन यांना राज्यांच्या निर्वाचकांची ९९ मतं पडली, ॲडम्स यांना ८४. बहुमत कुणालाच नव्हतं, म्हणून निवड प्रतिनिधिगृहाने, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने केली. त्या सभागृहाचे सभापती हेन्री क्ले यांनी ॲडम्स यांना पाठिंबा दिला, आणि ॲडम्स यांनी क्ले यांना परराष्ट्रमंत्री केलं. झालं! साटंलोट्याचा आरोप चारही वर्षं पाठीशी राहिला. १८२८ मध्ये जॅक्सन यांनी त्यांना हरवलं.

१८३० मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या प्लिमथ मतदारसंघातून ते प्रतिनिधिगृहावर निवडून आले. राष्ट्राध्यक्षपद भूषवलेल्या माणसाने साधं खासदार व्हावं, हे घरच्यांनाही रुचलं नव्हतं. ॲडम्स यांनी मात्र रोजनिशीत लिहिलं, की राष्ट्राध्यक्ष झालो तेव्हा याच्या निम्माही आनंद झाला नव्हता.

त्या काळी गुलामगिरीविरुद्ध जनतेचे हजारो अर्ज संसदेत येत. दक्षिणेच्या सदस्यांना ते नको होते. १८३६ मध्ये सभागृहाने ठरावच केला: असे अर्ज छापायचे नाहीत, त्यांवर चर्चा करायची नाही, आले तसे बाजूला ठेवायचे. गाऱ्हाणं मांडण्याचा हक्क राज्यघटनेने दिलेला, आणि तोच सभागृह काढून घेतंय, हे ॲडम्स यांना सहन होईना. ते अर्जांची भेंडोळी घेऊन पुन्हा पुन्हा उभे राहत.

१८३७ मध्ये त्यांनी सभापतींना विचारलं, बावीस गुलामांच्या नावाने आलेला अर्ज या ठरावात बसतो का? सभागृहात गदारोळ उठला. यांच्यावर निषेधाचा ठराव आणा, अशी मागणी झाली. मग ॲडम्स यांनी शांतपणे सांगितलं, की त्या अर्जात गुलामगिरी रद्द करण्याची मागणी नाहीच, उलटंच आहे! विरोधकांची फजिती झाली. वर्षभराने मेरीलँडचे एक सदस्य म्हणाले, स्त्रियांनी अर्ज करणं त्यांना शोभत नाही. त्यावर ॲडम्स यांनी अनेक दिवस भाषण करून स्त्रियांच्या त्या हक्काची बाजू मांडली. त्यांचं हे भाषण मला फार मोलाचं वाटतं. स्त्रियांना तेव्हा मतही नव्हतं. अर्जावरची सही हाच त्यांचा आवाज होता.

१८४१ मध्ये, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी सर्वोच्च न्यायालयात, गुलाम म्हणून नेल्या जाणाऱ्या, 'आमिस्टाड' जहाजावरच्या आफ्रिकी बंदिवानांची वकिली केली. न्यायालयाने त्या लोकांना मुक्त केलं.

अखेर ३ डिसेंबर १८४४ रोजी अर्ज बाजूला ठेवण्याचा तो ठराव १०८ विरुद्ध ८० मतांनी रद्द झाला. पुढे २१ फेब्रुवारी १८४८ रोजी ॲडम्स सभागृहात आपल्या जागेवरच कोसळले आणि दोन दिवसांनी कॅपिटॉलमध्ये, म्हणजे संसदभवनातच वारले. तेव्हाही ते खासदारच होते.

बाराव्या वर्षी सुरू केलेली त्यांची रोजनिशी मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीने इंटरनेटवर सर्वांसाठी खुली केली आहे. ३ डिसेंबर १८४४ची नोंद जरूर वाचा. आठ वर्षांच्या झुंजीनंतर त्यांनी तिथे देवाचे आभार मानले आहेत.

नमस्कार.