परतीची रेषा : हाताचा फोकस आणि ऑटोफोकस

आपल्यापैकी बहुतेकांच्या गळ्यात कॅमेरा दिसतो आहे, त्यामुळे फोकस म्हणजे काय, हे सांगण्यात मी वेळ घालवणार नाही. ऑटोफोकसचे काम कसे चालते आणि तो कधी बंद ठेवावा, हा आजचा विषय आहे. परंतु त्याआधी कबड्डीच्या एका मैदानाविषयी बोलल्यावाचून मला पुढे जाता येणार नाही.

त्या काळी माझ्याकडे १३५ मिलिमीटरची, हाताने फोकस करायची लेन्स होती. सामने संध्याकाळी, खांबांवरच्या दिव्यांत होत असल्यामुळे लेन्सचे प्रकाश आत घेणारे छिद्र एफ २.८ वर पूर्ण उघडे ठेवावे लागे, आणि मग आठ मीटरवर डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे स्पष्ट दिसणारा पल्ला, जेमतेम ६० सेंटीमीटर उरे. चढाईपटूने एक पाऊल टाकले की चेहरा धूसर होई. मी रिंग फिरवत त्याचा पाठलाग करी आणि ३६ फोटोंचा रोल वाया जाई. शेजारी बसलेले एक वयस्कर प्रशिक्षक हे पाहत होते. ते म्हणाले, "अरे, तो कुठेही गेला तरी शेवटी त्याला याच रेषेवर परत यायचंय ना?"

त्या वाक्याने माझी बसण्याची जागाच बदलली. चढाई करणाऱ्या संघाच्या अंतिम रेषेमागे बसले की साडेसहा मीटरवरची मध्यरेषा आपल्याला समांतर राहते. त्यामुळे तिच्यावर एकदा फोकस बसवला की चढाईपटू समोरच्या भागात कुठेही झेपावला, तरी रेषेला टेकणारी बोटे स्पष्टच येतात. मागे घोट्याला लटकलेले बचावपटू किंचित धूसर राहतात, आणि ते तसेच शोभतात. पुढे ऑटोफोकसचा कॅमेरा घेऊन त्याच जागी बसलो, तेव्हा मध्ये उभ्या असलेल्या त्याच्याच सहकाऱ्याच्या खांद्यावर फोकस वारंवार अडकू लागला.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, म्हणून मुख्य मुद्दा थोडक्यात मांडतो. १९८५ मध्ये मिनोल्टा ७००० हा ऑटोफोकस कॅमेरा आला. १९८७ मध्ये कॅननने लेन्स जोडण्याचा आपला जुना माउंट सोडून लेन्समध्येच मोटर बसवली. लेन्सच्या दोन बाजूंनी येणाऱ्या प्रकाशातील तफावतीवरून फोकस किती आणि कोणत्या दिशेला चुकला आहे हे कॅमेऱ्याला कळते, आणि शटर उघडेपर्यंत खेळाडू कुठे पोहोचेल याचे गणितही तो करतो. सेकंदाला दहा मीटर वेगाने अंगावर येणारा धावपटू ४०० मिलिमीटर, एफ २.८ लेन्सची २० मीटरवरची सुमारे ४० सेंटीमीटरची डेप्थ ऑफ फील्ड सेकंदाच्या पंचविसाव्या भागात ओलांडतो. तिथे हाताचा हट्ट धरणे मला चुकीचे वाटते. मात्र धावबादच्या वेळची क्रीज, उंच उडीचा बार, कबड्डीची मध्यरेषा या जागा खेळाच्या नियमानेच ठरलेल्या असतात, आणि तिथे फोकस आधीच बसवून ठेवावा.

दोन्ही सोयी हाताशी हव्या असतील, तर फोकस शटरच्या बटणावरून काढून मागच्या बटणावर द्या. अंगठा दाबलेला असेपर्यंत कॅमेरा पाठलाग करील. रेषेवर फोकस घेऊन अंगठा उचललात, की तो तिथेच थांबेल.