पोत्यातलं सामान

(पुण्यातल्या एका ज्येष्ठ नागरिक संघात, गॅरेज चालवणाऱ्या एका मिस्त्रींनी दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

आधी हे पोतं टेबलावर घेतो. चादरीला ग्रीस लागणार, त्याबद्दल अध्यक्षांची अगोदरच माफी मागून ठेवली आहे. पत्रिकेवर ‘शहरातील वाहने व सुरक्षा साधनांचे नियम’ असं भारदस्त छापलंय. मी वकील नाही, ३८ वर्षं गॅरेज चालवतोय. पण या पोत्यातली बहुतेक चीज नियमानं गाडीवर असायला हवी. कंपनीनं बसवून पाठवलेली, पासिंगच्या दिवशी जागेवर असलेली. नंतर मालकानं ‘काढा’ म्हटलं आणि मी काढली. गाड्यांना सोयी नसतात, ही तक्रार जुनी झाली. असलेल्या सोयी आपण उतरवतो, आणि उतरवणारे हात माझ्यासारख्यांचे असतात.

ही पहिली बघा. लोखंडी सळीची जाळी. मोटारसायकलच्या मागच्या चाकाला डावीकडून लागते. साडीगार्ड. आपल्याकडे याला कुणी यंत्राचा भाग समजत नाही, बायकांच्या सोयीचं काहीतरी समजतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९. त्यातला १२३ क्रमांकाचा नियम काढून वाचा. मागे माणूस बसवायची सोय असलेल्या मोटारसायकलला धरायला पक्की मूठ हवी, पाय ठेवायला फूटरेस्ट हवा, आणि मागचं चाक किमान अर्धं झाकणारं आवरण हवं. कशासाठी, तर मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून. नियमात चक्क ‘कपडे’ लिहिलंय. दिल्लीत बसून कुणीतरी आपल्या पदराचा, ओढणीचा विचार केला होता.

साधारण बारा वर्षांपूर्वी एक मुलगा नवी कोरी गाडी घेऊन आला. हाराची फुलं अजून हँडलला होती. म्हणाला, ‘काका, ही जाळी काढा, लूक जातो.’ दोन नट, दहाचा पाना, तीन मिनिटं. पैसे पण घेतले नाहीत, नव्या गाडीचा शकुन म्हणून. पुढच्या दिवाळीच्या सुमारास त्याचा फोन आला, ‘काका, गाडी हलत नाहीये, या.’ चौकापासून जरा पुढे गाडी कडेला घेतलेली. त्याची आई फुटपाथवर बसलेली, उजवं मनगट डाव्या हातात धरून. ओढणी मागच्या चाकात गेली होती. हबला इतकी घट्ट गुंडाळली गेली होती की दोरखंडासारखा पीळ बसला होता, आणि चेनचं काळं तेल पिऊन मूळचा रंग कुठला ते कळत नव्हतं. मी पत्रा कापायच्या कात्रीनं ती तुकड्या-तुकड्यानं कापून काढली. नशीब असं, की ओढणी गळ्याभोवती नव्हती, एका खांद्यावर होती. मनगटावर निभावलं. त्या बाई मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. ती जाळी मीच काढली होती, हे त्यांना माहीतच नव्हतं.

दुकानात परत आलो तर ती जाळी भंगाराच्या ढिगात तशीच पडलेली. त्या दिवसापासून काढलेलं सामान भंगारात द्यायचं बंद केलं. हे पोतं तेव्हाचं.

हे आरसे. यांची संख्या सगळ्यात जास्त आहे, पण त्यावर वेळ घालवत नाही. मान वळवून मागे बघणारा माणूस तेवढा वेळ पुढे बघत नसतो, एवढंच.

हा स्विच मजेशीर आहे. १ एप्रिल २०१७ पासून बनलेल्या दुचाकीचा हेडलाइट इंजिन चालू झालं की आपोआप लागतो, बंद करता येत नाही. दिवसासुद्धा समोरून येणारी गाडी लवकर दिसावी, म्हणून. आता आपल्या पुण्याचा स्वभाव असा, की समोरून येणारा प्रत्येक जण पाचही बोटं उघडमीट करून सांगणार, ‘अहो, लाइट चालू राहिलाय!’ वर्षभर लोकांनी इतकं सांगितलं, की कंटाळून एक गृहस्थ लाइट बंद करायचा स्विच बसवून घ्यायला आले. मी बसवला. नंतर काढून पण घेतला, तो हा.

आता हेल्मेट. बाहेर ठेवलेली मोजली मी येताना. अकरा गाड्यांच्या आरशाला अडकवलेली आहेत. म्हणजे आरसे तरी शाबूत आहेत.

१ जानेवारी २०१९ पासून शहरात सक्ती सुरू झाली, तेव्हा पगड्या घालून मोर्चे निघाले होते, आठवत असेल. मी पण विरोधातच होतो. आमचा मुद्दा एकच, आणि तो तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा आजही असेल: हायवेला ठीक आहे, गावात पेठेतून जाताना वीस-तीसच्या वर काटा जात नाही, हेल्मेट कशाला? माझा पुतण्या इंजिनिअरिंगला होता. त्यानं पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडून दिला. म्हणाला, काका, गाडी उभी आहे असं धरा. तुम्ही स्कूटरवर बसलेले, डोकं जमिनीपासून दीड मीटरवर. नुसते आडवे झालात आणि डोकं सरळ खाली आलं, तर टेकताना त्याचा वेग ताशी जवळजवळ २० किलोमीटर असतो. काटा शून्यावर! आणि तुमच्या पेठेतल्या तिशीच्या वेगानं भिंतीला आपटणं म्हणजे साडेतीन मीटरवरून, म्हणजे पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून खाली पडणं. चाळीसला सहा मीटरच्या वर. पन्नासला जवळजवळ दहा, तिसरा मजला. तो कागद मी दुकानात काचेखाली लावलाय. गॅलरीतून उडी मारताना गावातली गॅलरी आहे म्हणून कुणी निश्चिंत राहील का?

हे बघा, हे हेल्मेट करवतीनं मधोमध कापून आणलंय. बाहेरचं कवच सगळ्यांना दिसतं. काम करतो तो आतला हा थर्माकोलसारखा थर. डोकं आपटतं तेव्हा हा चेपतो, आणि चेपताना डोक्याला थांबायला थोडा जास्त वेळ देतो. एकदा चेपला की परत फुगत नाही. म्हणून एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून कितीही चकचकीत असलं तरी संपलं. आणि ही दुसरी, फुटपाथवर मिळणारी टोपी. आत बोट घाला. कापड, स्पंज, खलास. स्पंज तुमच्या उशीत ठीक आहे. १ जून २०२१ पासून दुचाकीचं हेल्मेट आयएसआय मार्कशिवाय बनवायला, विकायला मनाई आहे. मानक आयएस ४१५१. नवी दुचाकी घेताना मानकाचं हेल्मेट कंपनीनं द्यायचं, हेसुद्धा नियमात आहे, १३८ व्या नियमात. कितीजणांनी मागून घेतलं? ... दोन हात. बरं.

आणि बकल. पट्टा खाली लोंबकळत सोडून जाणारे रोज बघतो. घरी गेल्यावर करून बघा: हेल्मेट घाला, पट्टा लावू नका, आणि मागून कुणाला तरी कडेला धरून वर-पुढे ढकलायला सांगा. टोपीसारखं निघून हातात येतं. रस्त्यावर माणसाच्या आधी हेल्मेट पुढे जातं आणि माणूस नंतर पोचतो. पट्ट्याखाली दोन बोटं जातील एवढा घट्ट हवा, तिसरं जाता कामा नये.

नातवंडांचं सांगतो, कारण इथे आजोबा-आजी जास्त आहेत. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट कायद्यानंच आहे. त्याहून लहान मुलासाठी १५ फेब्रुवारी २०२३ पासून वेगळा नियम आहे: डोक्याला हेल्मेट, चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा, आणि वेग ४० च्या आत. स्कूटरच्या फूटबोर्डवर पुढे उभं करून, हँडल धरायला लावून शाळेत सोडायला नेता ना? माझी नात पण तशीच जायची. मी करकचून ब्रेक मारला की तिचं तोंड नेमकं मीटरवर.

चारचाकीवाल्यांना वाटत असेल आपण सुटलो. ही क्लिप बघा, काडेपेटीएवढी. सीटबेल्टच्या खाचेत खुपसली की गाडी समजते पट्टा लावला, आणि पीं-पीं बंद. कंपनीनं आठवण करून द्यायला यंत्र बसवलं, आपण यंत्राला फसवायला यंत्र विकत घेतलं! ही ऑनलाइन इतकी विकली जायला लागली की मे २०२३ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला पाच विक्री कंपन्यांना आदेश काढून ती हटवायला लावावी लागली. पट्टा न लावता एअरबॅगच्या भरवशावर बसणाऱ्यांना सांगतो, बॅग फुगते डोळ्याची पापणी लवायच्या आत. पट्ट्यानं अंग मागे धरलंय असं गृहीत धरून ती बसवलेली असते. पट्टा नसेल तर तुम्ही पुढे येता आणि ती समोरून येते.

मागच्या सीटचं तर विचारूच नका. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्रींची गाडी धडकली. मागे बसलेले दोघं गेले, पट्टे नव्हते. पुढचे दोघं जखमी झाले, पण वाचले. त्याच वर्षीचे केंद्राचे आकडे आहेत: पट्टा न लावलेले १६,७१५ जण देशभरात गेले. त्यांत चालक ८,३८४ आणि सोबत बसलेले ८,३३१. जवळजवळ निम्मे-निम्मे! आणि आपण चालकाला तेवढं सांगतो, ‘पट्टा लाव रे, पुढे पोलीस आहे.’ मागे बसणाऱ्यानं पट्टा लावायचा हे नियमात आहेच. मांडीवर बाळ घेऊन बसणाऱ्यांसाठी पुतण्याचा दुसरा हिशेब: दहा किलोचं बाळ, चाळीसचा वेग, गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर ते धरून ठेवायला हातांना शंभर किलोच्या वर वजन पेलावं लागेल. सिमेंटची दोन पोती.

पोत्याच्या तळाला अजून एक पुढचा गार्ड आहे, मोटारीच्या बंपरपुढे लावतात तो, जड म्हणून काढत नाही. हा मात्र उलटा प्रकार, मालकानं पदरचे पैसे घालून लावून घेतलेला. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रानं राज्यांना कळवलं की हे बेकायदा आहेत. समोर आलेल्या चालत्या माणसाला त्याची लोखंडी नळी लागते, आणि गाडीचं पुढचं तोंड ज्या तऱ्हेनं चेपायला हवं तसं चेपत नाही. मालकाला बंपरच्या ओरखड्याची काळजी असते.

प्रश्नोत्तरं चहाबरोबर करू. साडीगार्ड १७ आहेत, त्यातले बरेच सध्याच्या मॉडेलना बसतात. आरसे उजवे-डावे वेगळे बांधून आणलेत. पोरगा खाली पार्किंगमध्ये पान्याची पेटी घेऊन उभा आहे. ज्यांच्या गाडीचं काही माझ्या पोत्यात असेल त्यांनी ओळखून घेऊन जा, बसवायचे पैसे नाहीत. फक्त तिसऱ्या ओळीत ते पांढऱ्या शर्टातले आहेत ना, तुम्ही आधी या. तुमची गाडी मी मघाशी ओळखली.