दोष अकराव्यात, काप दुसऱ्यात

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताचा थेंब]

गोल पेशींच्या गर्दीत ही एक वाकडी, विळ्यासारखी दिसतेय ना? सिकलसेल. गडचिरोली-नंदुरबारकडे हे नाव समजावून सांगावं लागत नाही. अकराव्या गुणसूत्रावरच्या, हिमोग्लोबिनचा एक भाग बनवणाऱ्या बीटा ग्लोबिन जनुकात डीएनएचं एक अक्षर बदलतं, 'ए'च्या जागी 'टी' येतं. बस्, एवढंच.

पण असं बाळ जन्मतं ते ठणठणीत. पहिले काही महिने त्रास नाही. पोटात असताना ते गॅमा नावाचं शेजारचं जनुक वापरत होतं आणि त्यात काही खोट नाही. जन्मानंतर गॅमा हळूहळू बंद पडतं, बीटा सुरू होतं आणि दुखणं मागे लागतं.

[दृश्य: पेशीचं केंद्रक, ॲनिमेशन]

बंद पडतं म्हणजे नेमकं काय होतं? दोन मीटर डीएनए एवढ्याशा केंद्रकात मावतो तो हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळून. ही गुंडाळी म्हणजे क्रोमॅटिन. ती सैल असेल तिथलं जनुक वाचलं जातं, घट्ट असेल तिथलं वाचलं जात नाही. शिवाय बीटापासून पन्नासेक हजार अक्षरांवर डीएनएचा एक पट्टा आहे. तो स्वतः कुठलंच प्रथिन बनवत नाही. मधला डीएनए वळसा घेतो आणि हा लांबचा पट्टा जनुकाला येऊन भिडतो. गर्भात गॅमाला, पुढे बीटाला.

या लांबच्या पट्ट्याला गॅमापाशी फिरकू न देणारं प्रथिन म्हणजे बीसीएल-११-ए. याचं जनुक थेट दुसऱ्या गुणसूत्रावर! ते काढून टाकावं, तर मेंदूला आणि रोगप्रतिकारक पेशींनाही ते लागतं. वाट सापडली ती त्याच जनुकाच्या पोटातल्या एका एन्हान्सरमध्ये, म्हणजे जनुकाचं काम वाढवणाऱ्या डीएनएच्या तुकड्यात. हे बटण फक्त लाल रक्तपेशी घडताना दाबलं जातं. रुग्णाच्या रक्त घडवणाऱ्या मूळपेशी बाहेर काढून क्रिस्पर या डीएनए कापणाऱ्या कात्रीनं नेमकं तिथे कापलं आणि त्या परत सोडल्या, की लाल पेशींपुरतं बीसीएल-११-ए घटतं आणि गॅमा पुन्हा कामाला लागतं. बीटातलं चुकलेलं अक्षर? त्याला कुणी हातही लावत नाही. मला यातली हीच चलाखी सगळ्यात आवडते.

2023 च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेनं या उपचाराला मान्यता दिली. कापलेल्या पेशी परत सोडण्याआधी केमोथेरपीनं अस्थिमज्जा रिकामी करावी लागते. अमेरिकेतली किंमत 22 लाख डॉलर.

[दृश्य: औषधाची पट्टी, जवळून]

आपल्याकडच्या रुग्णांच्या हाती असते ती हायड्रॉक्सियुरियाची कॅप्सूल. तीही गॅमालाच उठवते, फक्त कमी-जास्त प्रमाणात, आणि रोज घ्यावी लागते.