रे बेटाचा वेढा, 1627

समोर दिसतंय ते रे बेट. फ्रान्सचा पश्चिम किनारा, पलीकडे ला रोशेल शहर आणि बेटावर जिकडेतिकडे मिठागरं. जुलै 1627 मध्ये ला रोशेलच्या प्रोटेस्टंटांना फ्रान्सच्या कॅथलिक राजाविरुद्ध मदत करायची म्हणून इंग्लंडचा ड्यूक ऑफ बकिंगहॅम शंभरेक जहाजं घेऊन इथे आला.

किनाऱ्यावरची पहिली चकमक इंग्रजांनी मारली. मात्र लगेच पुढे सरकायचं सोडून त्यांनी काही दिवस तिथेच घालवले. तेवढ्यात फ्रेंच सरदार त्वारासनं बेटावरच्या सँ-मार्तँच्या कोटात दाणागोटा भरून घेतला. ला प्रे नावाचा छोटा किल्लाही इंग्रजांनी तसाच मागे सोडला. पुढे फ्रेंचांची कुमक उतरली ती त्याच्याच आश्रयाला.

तोफांनी तट ढासळेना. मग कोटाला उपाशी मारायचं ठरलं आणि समुद्रात जहाजांची फळी उभी राहिली. सप्टेंबरात कोटातून तिघे जण मदतीचा निरोप पोचवायला पाण्यात उतरले. एक बुडाला, एक शत्रूच्या हाती लागला. तिसरा, पिएर लानिए, पोहत पलीकडे पोचला. इंग्रजांच्या जहाजांमधून, काळोखात, एकटा!

7 ऑक्टोबरची रात्र. कोटातलं अन्न संपलेलं, शरणागतीची बोलणी सुरू झालेली. अशात लहान होड्यांचा एक ताफा शिडं ताणून थेट त्या फळीत घुसला. 29 होड्या कोटाखाली लागल्या. सकाळी इंग्रजांनी तटाकडे पाहिलं, तर फ्रेंच शिपाई भाल्यांच्या टोकांना कोंबड्या आणि डुकराच्या तंगड्या खोचून नाचवत होते.

इंग्रजांच्या छावणीत तोवर आजारपण शिरलं होतं. मायदेशातून पुरेशी रसद येत नव्हती. तरी नोव्हेंबरच्या सुरुवातीला बकिंगहॅमनं निकराचा हल्ला चढवला. शिपाई गोळ्या झेलत तटाला भिडले, शिड्या लावल्या, आणि त्या माथ्यापर्यंत पोचल्याच नाहीत. ज्यांनी त्या शिपायांना पाठवलं, त्यांनी तटाची उंची आधी जोखायला नको होती?

माघारीची वाट मिठागरांमधून जाणारी, अरुंद, पुढे लाकडी पूल. तिथे गर्दी तुंबली आणि मागून फ्रेंच तुटून पडले. कितीतरी जण त्या चिखलात, खाऱ्या पाण्यात गेले. मोहिमेवर आलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक घरी परतलेच नाहीत.

ऑगस्ट 1628 मध्ये पोर्ट्‌समथला जॉन फेल्टन नावाच्या लष्करी अधिकाऱ्यानं बकिंगहॅमच्या छातीत सुरा खुपसला. फेल्टन रे बेटावर लढून परतला होता. त्याचा पगार अजून थकलेलाच होता.